दिव्य, यंत्र आणि आमची साक्ष

१

२०२० सालच्या २ ऑक्टोबरची गोष्ट आहे. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात १४ सप्टेंबरला एका १९ वर्षांच्या वाल्मीकी समाजाच्या मुलीवर अत्याचार झाला. २९ सप्टेंबरला दिल्लीच्या रुग्णालयात ती मरण पावली आणि पोलिसांनी घरच्या माणसांना बाजूला सारून रातोरात तिचे प्रेत जाळले. आमच्या तालुक्याच्या गावी बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी आम्ही निषेधसभा घेतली. कोरोनाची बंधने होती. पन्नाससुद्धा माणसे जमली नव्हती. पण घोषणा जोरात होत्या, आणि त्यांतील एक मीच विद्यार्थ्यांना सांगितली होती : ‘आरोपींना लाय डिटेक्टर लावा, नार्को करा!’

त्याच रात्री बातमी आली. उत्तर प्रदेश सरकारने काही पोलिस अधिकाऱ्यांना निलंबित केले होते आणि पॉलिग्राफ व नार्को चाचण्यांचा आदेशही दिला होता. आमचीच मागणी मान्य झाल्यासारखे वाटून मला क्षणभर बरे वाटले. पुढचे वाक्य वाचले आणि ते समाधान संपले. चाचणी आरोपींची होणार होती, पोलिसांची होणार होती, आणि फिर्यादी पक्षाचीही होणार होती. म्हणजे जिची मुलगी गेली त्या आईने, जिच्या अंत्यसंस्काराला हात लावू दिला नाही त्या बापाने आणि भावाने आता यंत्राला बांधून घेऊन आपण खरे बोलतो हे सिद्ध करावयाचे होते. त्या कुटुंबाने नकार दिला. आम्ही का चाचणी द्यायची, आम्ही खोटे का बोलू, असा त्यांचा सवाल होता.

तो सवाल मला त्या रात्रीपासून सोडत नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे. ज्या यंत्राची मागणी मी पोरांच्या तोंडी दिली त्याचा इतिहास मला ठाऊक नव्हता. प्रस्तुत लेख हा त्या घोषणेचा हिशेब आहे.

२

माणूस खोटे बोलला की त्याचे शरीर त्याला उघडे पाडते, ही समजूत अमेरिकेत जन्मलेली नाही. ती आपल्या धर्मशास्त्रांत फार पूर्वीपासून नांदते आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोट्या वादीची आणि खोट्या साक्षीदाराची लक्षणे सांगितली आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उडतो, तोंडाला कोरड पडून बोलणे अडखळते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आवाज, वर्ण, हावभाव आणि डोळे यांवरून मनातले ओळखावे, असा राजाला उपदेश आहे.

येथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की हे तर निरीक्षण आहे, यात जात कोठे आली? ती लगेच पुढे येते. त्याच आठव्या अध्यायात साक्षीदाराला कसे विचारावे याचा नियम आहे. ब्राह्मणाला नुसते ‘बोल’ म्हणावे. क्षत्रियाला ‘खरे बोल’ म्हणावे. वैश्याला गाय, धान्य आणि सोने यांचा धाक घालावा. शूद्राला मात्र खोटे बोललास तर सर्व पापे तुझ्या माथी बसतील, अशी दहशत घालावी. प्रश्न विचारण्यापूर्वीच कोण खरे बोलणारा आणि कोण खोटे बोलणारा हे ठरून गेलेले आहे. १९२७ साली महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात हेही होते, हे आपण विसरता कामा नये.

पुरावा नसेल तेथे दिव्य. याज्ञवल्क्याने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत आणि ती कोणाला द्यावी याचीही वाटणी केली आहे. स्त्री, बालक, वृद्ध, आंधळा, पांगळा, रोगी आणि ब्राह्मण यांना तराजू. शूद्राला सात यव वजनाचे विष. एकाने पारड्यात बसून उठावयाचे, दुसऱ्याने विष पिऊन जगून दाखवावयाचे. याच स्मृतीवरील मिताक्षरा टीका इंग्रजी अमदानीतही आपल्या प्रांतात हिंदूंच्या कायद्याचा आधार मानली जात होती.

मराठेशाहीतही दिव्ये होत असत. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथात त्यांची माहिती आहे. कढत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करावयाची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी सोडून पाहावयाचे. हात शाबूत असेल तर माणूस खरा. या साऱ्या व्यवस्थेत महाराचे स्थान विचित्र होते. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोलाची ठरे, कारण गावची शीव पिढ्यान् पिढ्या त्यानेच राखलेली. पण गावात चोरी झाली की पहिला संशय याच्याच वाड्यावर. गावाच्या जमिनीविषयी त्याचा शब्द खरा, आणि स्वतःविषयी तोच शब्द खोटा!

हे केवळ पोथ्यादप्तरांतले नाही. माझ्या आज्याने मला सांगितलेली हकीकत येथे नोंदवितो. तो तरुण असताना गावातील एका मोठ्या वाड्यातून चांदीचे तोडे चोरीला गेले. महारवाड्यातील आणि मांगवाड्यातील बाप्ये माणसे चावडीपुढे ओळीने बसविली गेली. भगताने मंतरलेले तांदूळ प्रत्येकाच्या तोंडात घातले. चघळून थुंकावयाचे, ज्याच्या तोंडचे तांदूळ कोरडे निघतील तो चोर. आज्याचे तांदूळ कोरडे निघाले. त्याला जो मार बसला त्यात त्याचा उजवा कान गेला. तोडे पुढे सापडले की नाही हे त्याला कधी कळले नाही. वाड्यातल्या कोणाला मात्र त्या दिवशी तांदूळ चघळावे लागले नव्हते.

भीतीने लाळ सुकते, हे आज शाळेतले पोरही सांगेल. आज्याच्या तोंडाला कोरड पडली होती हे खरेच होते. पण ती चोरीने पडली की चावडीच्या भीतीने, हे तांदूळ सांगू शकत नव्हते. पुढे ज्या यंत्राविषयी लिहावयाचे आहे त्याचा सारा प्रश्न एवढ्यातच आहे.

३

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुन्हेगाराच्या शरीराचे शास्त्र जन्माला आले. त्याचा आचार्य इटलीचा सेझारे लोंब्रोसो. १८७६ साली त्याने मांडले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि त्यांच्या कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ती ओळखता येतात. संशयिताची चौकशी चालू असता त्याच्या नाडीतील आणि रक्तदाबातील फरक उपकरणाने टिपण्याचा प्रयोग १८९५च्या सुमारास करणाराही हाच. खोटे पकडणाऱ्या यंत्राचा हा पूर्वज आहे. ज्याने माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरविले, त्यानेच त्याची नाडी यंत्राला जोडली.

आपल्या वाचकांना या विचाराची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. लोंब्रोसोच्या ग्रंथाआधी पाच वर्षे, १८७१ साली, इंग्रज सरकारने आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्यासाठी त्याला इटलीच्या शास्त्राची आवश्यकता पडली नाही. सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर, हे जातीचे तर्कशास्त्र येथे तयारच होते. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्या कितीतरी पिढ्या हजेरीत आणि तारेच्या कुंपणात गेल्या. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर रात्री पडणारी पोलिसांची धाड त्या तारखेला थांबली नाही.

यंत्राचे पुढचे घर अमेरिका. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचे प्रयोग केले. १९२१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन लार्सन या पोलिसाने रक्तदाब आणि श्वास यांची एकत्र नोंद करणारे यंत्र बनविले. लिओनार्ड कीलर याने ते सुटसुटीत करून शिकागोत त्याचा धंदा उभा केला. यांपैकी लार्सन स्वतः शरीरशास्त्राचा पदवीधर होता. आपल्या यंत्राचा चाललेला वापर पाहून उतारवयात तो त्याचा कडवा टीकाकार झाला. मार्स्टनने पुढे ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतील नायिका निर्माण केली. तिच्याजवळ एक जादूचा दोर आहे. त्यात अडकलेल्या माणसाला खरे बोलावेच लागते. जे प्रयोगशाळेत साधले नाही ते त्याने चित्रकथेत साधले.

या यंत्राचा न्यायालयातील पहिला मोठा खटला एका काळ्या तरुणाचा आहे. १९२० साली वॉशिंग्टन शहरात एका काळ्या डॉक्टरचा खून झाला. जेम्स आल्फोन्सो फ्राय या तरुणाने पोलिसांजवळ कबुली दिली आणि नंतर ती मागे घेतली. मार्स्टनने त्याची रक्तदाबाची चाचणी केली आणि तो निर्दोष असल्याचे खरे सांगतो आहे, असा निष्कर्ष काढला. न्यायाधीशाने ही साक्ष घेण्यास नकार दिला. फ्रायला जन्मठेप झाली. १९२३ साली अपील न्यायालयाने तो नकार उचलून धरला : ज्या शास्त्रात एखादी पद्धत मोडते, त्या शास्त्रातील जाणकारांनी ती सर्वसाधारणपणे मान्य केलेली असली पाहिजे, ही पद्धत तेथवर पोचलेली नाही.

हा खटला वाचताना मी अडलो. कारण येथे यंत्र काळ्या माणसाच्या बाजूने बोलले होते आणि न्यायालयाने त्याचे ऐकले नाही. ब्लॅक पँथरच्या लढ्यापासून स्फूर्ती घेऊन दलित पँथर उभी करणाऱ्या पिढीचे आपण वारस. आपले मन साहजिकच फ्रायकडे ओढले जाते. पण येथेच शिस्त पाळली पाहिजे. यंत्र कोणाच्या बाजूने बोलले यावरून ते खरे की खोटे हे ठरत नसते. फ्रायवर अन्याय झाला असेल, तर तो यंत्राचे न ऐकल्यामुळे झाला असे म्हणता येत नाही. पोलिसांच्या कोठडीतील कबुलीला न्यायालयात एवढे वजन का मिळाले, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आपल्याही देशाचा प्रश्न आहे.

४

आता यंत्र काय करते ते पाहू. छातीला आणि पोटाला पट्टे बांधून श्वास मोजतात, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब आणि नाडी मोजतात, बोटांना तारा लावून त्वचेवरील घामाचा अंदाज घेतात. बस्स, एवढेच. खोटेपणा मोजणारी तार यात कोठेही नाही. मग तपासनीस दोन प्रकारचे प्रश्न विचारतो. एक गुन्ह्याविषयीचे : ‘खून तू केलास का?’ दुसरे तुलनेचे : ‘आयुष्यात तू कधी कोणाला फसविले आहेस का?’ खऱ्या माणसाला दुसरा प्रश्न अधिक बोचेल आणि गुन्हेगाराला पहिला, असे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक कोणत्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून रचले आहे? ज्याला पोलिस ठाण्यात खुर्ची मिळते त्याला. निरपराध असल्यास आपले ऐकले जाईल, अशी ज्याला खात्री आहे त्याला. ज्याच्या बापाला, आज्याला चावडीपुढे बसविले गेले, खरे सांगूनही ज्याच्या घरच्यांनी मारच खाल्ला, त्याला ‘खून तू केलास का’ हा प्रश्न निर्दोष असतानाही अधिक बोचणार. उलट ज्याला पकडले जाण्याची भीतीच नाही, गावचा सरपंच, ठाणेदार आणि आमदार ज्याचे सोयरे आहेत, त्याचा श्वास कशाला चुकेल? यंत्र भीती मोजते. आणि आपल्या समाजात भीतीची वाटणी जमिनीच्या वाटणीइतकीच विषम आहे.

शास्त्राचा निवाडाही यंत्राच्या बाजूने नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली या विषयावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. एका विशिष्ट घटनेविषयीच्या तपासात ही चाचणी केवळ अंदाजापेक्षा बरी ठरू शकते, पण अचूकतेच्या जवळपासही जात नाही, असे तिचे मत पडले. त्या अहवालातील हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. समजा, १०,००० माणसांत १० हेर आहेत. दहांपैकी आठ हेर सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्या आठांबरोबर सुमारे १,६०० निरपराध माणसेही ‘खोटी’ ठरतील, आणि दोन हेर तरीही सुटतील.

सुटलेल्यांची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करीत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून पार पडला. १९९४ साली तो पकडला गेला. वॉशिंग्टन राज्यातील गॅरी रिजवे १९८४ साली चाचणीत खरा ठरला. २००३ साली त्याने ४८ स्त्रियांच्या खुनांची कबुली दिली.

अडकलेल्यांची हकीकत याहून दारुण आहे. न्यूयॉर्क राज्यातील एका १६ वर्षांच्या शाळकरी मुलाला १९९० साली तासन् तास यंत्रावर बसवून तू नापास झालास असे सांगण्यात आले आणि त्याच्याकडून वर्गभगिनीच्या खुनाची कबुली घेण्यात आली. २००६ साली डीएनए तपासणीने खरा खुनी दुसराच असल्याचे सिद्ध झाले. तोवर त्याचे तारुण्य तुरुंगात गेले होते. येथे यंत्राचे खरे काम उघड होते. ते सत्य शोधीत नाही; यंत्राला सारे कळले आहे असे माणसाला वाटावयास लावून ते कबुली काढून देते. भगताचे तांदूळही हेच करीत होते. अमेरिकेने १९८८ साली कायदा करून खाजगी मालकांना नोकरांवर ही चाचणी लादण्यास बहुतेक ठिकाणी बंदी केली, हे येथील यंत्रभक्तांनी ध्यानात घ्यावे.

५

भारतीय संविधानाच्या कलम २०(३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने संविधान सभेपुढे ठेवलेल्या मसुद्यात ही तरतूद होती. दिव्याच्या परंपरेत स्वतःचे निर्दोषत्व आरोपीने आपल्या शरीरावर सिद्ध करावयाचे असे. संविधानाने तो भार आरोपीच्या अंगावरून काढून राज्यसंस्थेवर टाकला. एका अर्थी हा दिव्याचा अंत होता.

न्यायालयांत मात्र हा प्रवास वाकडातिकडा झाला. १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितले की बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट सांगणे म्हणजे साक्ष. १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मौनाचा हा हक्क पोलिस ठाण्यातील चौकशीलाही लागू केला. तरीही २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने या वैज्ञानिक म्हणविल्या जाणाऱ्या चाचण्यांना वाट मोकळी करून दिली. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली, तेव्हा मेंदूच्या विद्युत चाचणीचा निष्कर्षही विचारात घेतला गेला होता. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला.

अखेर ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची विद्युत चाचणी यांपैकी कोणतीही चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. तसे करणे कलम २०(३) आणि कलम २१ यांचा भंग आहे. संमतीने करावयाची झाल्यास राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली घालून दिलेले नियम पाळले पाहिजेत. वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदविली पाहिजे. तशा चाचणीचा निष्कर्षही पुरावा ठरत नाही. तिच्या मदतीने पुढे प्रत्यक्ष काही वस्तू वा माहिती हाती लागली तर तेवढ्यापुरताच तिचा उपयोग होऊ शकतो. अत्याचारपीडित स्त्रीवरही अशी सक्ती करता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितले आहे. म्हणजे हाथरसच्या कुटुंबाने नकार दिला तेव्हा ते हट्ट करीत नव्हते, संविधानाचा आधार घेऊनच उभे होते.

पण ‘संमती’ हा शब्द आपण तपासून घेतला पाहिजे. कोठडीत तीन दिवस काढलेल्या पारधी तरुणाची संमती म्हणजे काय? ‘काही लपवायचे नसेल तर चाचणीला का घाबरतोस?’ असे विचारले की नकार हाच पुरावा होऊन बसतो. न्यायालयाने दार लावले आहे, पण खिडकी उघडी आहे. २०२५ सालीही बिहारच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने नार्को चाचणी चालवून घेतल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला सेल्वी निर्णयाची आठवण पुन्हा करून द्यावी लागली.

६

यावर आपल्यातीलच कोणी विचारील : मग अत्याचार करणाऱ्यांना मोकळे सोडावयाचे काय? त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला गावात कोणी पुढे येत नाही. निदान यंत्र तरी बोलेल!

या प्रश्नामागचा संताप मी जाणतो. माझी घोषणा त्यातूनच आली होती. पण हाथरसचेच पुढे काय झाले ते पाहावे. केंद्रीय अन्वेषण विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये चारही आरोपींना गुजरातमधील गांधीनगरला नेऊन त्यांच्या चाचण्या केल्या. डिसेंबरमध्ये आरोपपत्र दाखल झाले, त्याचा मुख्य आधार होता मुलीने मृत्यूपूर्वी दिलेला जबाब. मार्च २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांपैकी तिघांना सोडले आणि एकाला सदोष मनुष्यवधासाठी व अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरविले. बलात्काराचा आरोप टिकला नाही. लैंगिक अत्याचाराची वैद्यकीय तपासणी घटनेनंतर आठवडा उलटून गेल्यावर झाली होती. जो पुरावा पहिल्या काही तासांत गोळा व्हावयास हवा होता तो वाहून गेला होता, आणि गांधीनगरचे कोणतेही यंत्र तो परत आणू शकत नव्हते.

म्हणून आपली मागणी बदलली पाहिजे. गुन्हा त्याच दिवशी नोंदवा. वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करा. पीडितेचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घ्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांप्रमाणे तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने स्वतः करावा, हवालदारावर सोडू नये. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-क प्रमाणे पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि निवारा द्या. साक्षीदार बोलत नाही तो यंत्र नसल्यामुळे नव्हे; सायंकाळी त्याला त्याच गावात परत जावयाचे असते म्हणून. या मागण्यांना यंत्राचे वलय नाही आणि वर्तमानपत्रात त्यांचा मथळाही होत नाही. पण शिक्षा होते ती याच कामांनी होते.

आणि जे हत्यार निष्पाप माणसालाही तितक्याच सहज कापते ते आपण शत्रूसाठी मागू नये. मागितलेले हत्यार शेवटी कोणाच्या दंडाला बांधले जाते हे त्या २ ऑक्टोबरच्या रात्री आपण पाहिले आहे.

गेल्या वर्षी याच पुतळ्यापाशी दुसऱ्या एका प्रकरणी सभा होती. एका विद्यार्थ्याने तीच जुनी घोषणा दिली. मी त्याला थांबविले आणि सभा संपल्यावर सर्वांना तेथेच पायरीवर बसवून आज्याच्या तांदळांची गोष्ट सांगितली. मुले बराच वेळ गप्प होती. मग एका मुलीने विचारले, “सर, त्या दिवशी तुमच्या आज्याने चोरी केली नाही असं सांगितलं होतं का?” सांगितले होते, तीन वेळा सांगितले होते. ते ऐकून घेण्याची व्यवस्था उभी करणे, हेच आपले काम आहे.